टोमॅटोच्या दिवशी सटकलेली मुलगी

सिडनीहून एका आईचं पत्र आलंय. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

"मुलगी अकरावीत आहे. मैत्रिणी गाडीत असल्या की माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलते. यंदा गणपतीच्या कार्यक्रमात नाचणार नाही म्हणाली. परवा मंडळातल्या एका काकूंनी तिला स्टेशनवर एका मुलाबरोबर पाहिलं आणि ती घरी पोचायच्या आत मला मेसेज आला. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात, 'आमच्या वेळी असलं नव्हतं.' नवरा म्हणतो, वय आहे, जाऊ दे. मी काय करू?"

ताई, तुमच्याच शहरात घडणारा एक सिनेमा आहे, 'लुकिंग फॉर अलिब्रँडी'. 2000 सालचा. मेलिना मार्चेटा यांच्या 1992 च्या कादंबरीवरचा, आणि पटकथाही त्यांचीच. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच शाळांत ही कादंबरी अभ्यासाला असते, तेव्हा लेकीने ती वाचलेलीही असेल. तिला विचारून बघा. तिला माहीत असलेलं आणि तुम्हाला नसलेलं काहीतरी निघालं, तर बोलायला तेवढंच निमित्त.

जोझी अलिब्रँडी इटालियन घरातली, सतरा वर्षांची, बारावीला. (न्यू साउथ वेल्समध्येही या परीक्षेला एचएससीच म्हणतात, त्यामुळे त्या वर्षाचा धसका आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.) श्रीमंतांच्या कॅथलिक शाळेत शिष्यवृत्तीवर शिकते. घरी आई आणि जवळच आजी, म्हणजे नोन्ना. सिनेमा सुरू होतो तो टोमॅटोच्या दिवसाने. उन्हाळ्याच्या शेवटी सगळं गणगोत परसात जमून वर्षभराचा टोमॅटोचा सॉस करतं. पेट्याच्या पेट्या टोमॅटो धुवायचे, चिरायचे, यंत्रातून काढून साल-बिया वेगळ्या करायच्या, रस बाटल्यांत भरून त्या उकळायच्या. आपल्याकडे गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण चालायचं, तसाच गोंगाट आणि तशीच म्हाताऱ्यांची देखरेख. जोझी त्या दिवसाला 'नॅशनल वॉग डे' म्हणते. वॉग ही तिथे इटालियन-ग्रीक लोकांना दिली जाणारी शिवी. तीच ती स्वतःच्या घरावर फेकते आणि मैत्रिणींबरोबर बाँडायच्या किनाऱ्यावर सटकते.

पण पुढे शाळेतल्या एका मुलीने तीच शिवी दिल्यावर हीच जोझी हातातलं पुस्तक तिच्या तोंडावर हाणते. तुमची लेक गाडीत मराठी टाळते आणि उद्या कोणी तुमच्या उच्चारांची नक्कल केली तर तीच अंगावर धावून जाईल. घरच्यांची लाज वाटणं आणि घरच्यांवर जीव असणं एकाच पोरीत सुखाने नांदतं. मला हे फार उशिरा कळलं. माझा मुलगा मित्रांसमोर इंग्रजी बोलायचा तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने मराठीत उत्तर द्यायचे. त्याने माझ्या गाडीतून जाणंच बंद केलं, बसने जाऊ लागला.

आता काकूंचं. सिनेमातही नोन्नाच्या ओळखीच्या बायकांचं फोनवरून हेरखातं चालतं. आपण हसतो, कारण तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं एवढाच फरक. काकूंचे आभार माना आणि सांगा, पुन्हा काही वाटलं तर मला एकटीला फोन करा, ग्रुपवर नको. आणि लेकीला कोणी काय कळवलं ते जसंच्या तसं सांगा. कोणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय, पण कोण ते कळत नाही, याने मुलं अधिक लपवायला शिकतात.

खरी गंमत मात्र नोन्नाची आहे. (पंचवीस वर्षं जुना सिनेमा आहे, शेवट फोडल्याबद्दल रागावू नका.) जोझीची आई लग्नाआधी गरोदर राहिली म्हणून तिला घराबाहेर काढलं गेलं होतं, आणि नोन्ना अजून लोकांच्या तोंडाला भिते. तीच नोन्ना अखेरीस नातीपुढे कबूल होते की क्वीन्सलंडमध्ये एकाकी असताना तिचं एका ऑस्ट्रेलियन माणसावर प्रेम होतं आणि जोझीची आई त्याची मुलगी. नात आधी भडकते, मग प्रथमच आजीजवळ बसते. इतकी वर्षं 'आमच्या वेळी असलं नव्हतं' ऐकलेल्या मुलीला आजी माणूस म्हणून दिसते. ही नोन्ना केलेल्या एलेना कोत्ता यांना पुढे 2013 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, दुसऱ्या एका सिनेमासाठी व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. त्यांचं काम बघण्यासारखं आहे. ती शिवी देणारी श्रीमंत वर्गमैत्रीण मात्र अगदीच पुठ्ठ्याची.

सासूबाईंकडे असलं काही गुपित असेलच असं मी म्हणत नाही. पण सतराव्या वर्षी त्यांना काय हवं होतं, काय मिळालं नाही, लग्न ठरताना कोणी विचारलं होतं का, हे त्यांना नातीशी बोलू दे. तात्पर्य काढायचं नाही, ही अट त्यांना आधीच सांगा. तुम्ही तिथे बसू नका. नातीचं मराठी अडखळेल, आजी इंग्रजी शब्द शोधतील, मध्ये पडून दुरुस्त करायला कोणी नसलेलंच बरं.

सिनेमा एकत्र बघा, तिच्या हाती सोपवून स्वयंपाकघरात जाऊ नका. त्यात जॉन हा वरवर सगळं मिळालेला, वडिलांच्या अपेक्षांखाली दबलेला मुलगा आत्महत्या करतो. त्या प्रसंगानंतर लगेच अभ्यासाचा विषय काढू नका. ती गप्प झाली तर गप्प राहू द्या, आणि नंतर एकदा सरळ विचारा, तुला कधी असं वाटलंय का? विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत. ऑस्ट्रेलियात मुलांसाठी किड्स हेल्पलाइन आहे, 1800 55 1800, दिवसरात्र. नंबर फ्रिजवर लावून ठेवा, तिच्याकरता आणि तिच्या मैत्रिणींकरताही.

नाचाचा आग्रह सोडा. स्टेजवर नटून उभं राहणं हे प्रदर्शन, आणि या वयात नेमकं तेच नको असतं. टोमॅटोच्या दिवशी कोणी प्रेक्षक नसतात, सगळ्यांचे हात बरबटलेले असतात. सिनेमा संपतोही त्याच परसात, आणि तेव्हा जोझी पळायच्या बेतात नसते. चतुर्थीच्या आदल्या रात्री नारळ खवायला बसवा तिला. सासूबाईंना सांगा, पारी फाटली तर बोलायचं नाही. स्टेशनवरचा तो मुलगा यायला तयार असेल तर त्यालाही बोलवा. त्याचेही दोन-चार मोदक फुटतील, ते आधी खाऊन टाका.