रॅम सिक्लिड: टाकी मुरल्याशिवाय मासा नको

या महिन्याच्या वाचकांच्या प्रश्नांत रॅम सिक्लिड या घरच्या काचेच्या टाकीत पाळायच्या छोट्या, रंगीत माशाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आधी थोडं माशाच्या माहेराविषयी, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात. हा मासा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. तिथल्या सपाट गवताळ प्रदेशात उथळ, संथ, उन्हाने तापलेलं पाणी असतं. त्यात क्षार नावापुरते आणि तळाशी वाळू नि पालापाचोळा. मायर्स आणि हॅरी या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये त्याची नोंद केली. आज त्याचं शास्त्रीय नाव मायक्रोजिओफेगस रामिरेझी आहे.

प्रश्न : नवीन दोन फुटी टाकी घेतली. फिल्टर चार दिवस चालवला, पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मग जर्मन ब्लू रॅमच्या (रॅमचाच एक प्रकार) दोन जोड्या सोडल्या. आठवड्याभरात चारही मासे गेले. दुकानदार म्हणतो, हा मासाच नाजूक. खरं आहे का? (पुणे)

उत्तर : निम्मं खरं आहे. गप्पी किंवा मॉली जे सोसून घेतात ते रॅम सोसत नाही. पण तुमचे मासे गेले ते टाकी कच्ची होती म्हणून. पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि टाकी मुरलेली असणं वेगळं.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा न ठेवता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील. ओळखीतल्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हे काम खूप लवकर होतं. पाणी तपासायची थेंबांची टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भाग) खाली असं सलग आठवडाभर दिसलं, तरच रॅम आणा. आम्ही तर म्हणू, दोन-तीन महिने दुसरे छोटे मासे नीट नांदलेल्या टाकीतच रॅम सोडावा.

दुसरी गोष्ट जागेची. २ × १ × १ फुटाच्या टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. ती एका जोडीची जागा आहे. दोन नर असले की दुबळा नर कोपऱ्यात हीटरच्या मागे दबून राहतो, खात नाही आणि आजारी पडतो. दोन जोड्यांसाठी किमान तीन फुटी टाकी हवी आणि मधे लाकूड किंवा दाट वनस्पतींचा आडोसा हवा.

मासा सोडताना पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने तासभर पिशवीतल्या पाण्यात सोडा. शेवटी मासा जाळीने उचला, दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. मासे पार्सलने आले असतील, दहा-बारा तास पिशवीत असतील, तर मात्र थेंब पद्धत नको. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा) उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवा आणि मासा लगेच टाकीत घ्या.

पुढची निगा : आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेट १०० लिटरला १ ग्रॅम पुरतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा कच्ची होते.

प्रश्न : नर-मादी कसे ओळखायचे? पाठीवरचा लांब काटा पाहून दोनदा जोडी आणली, दोन्ही वेळा दोन नर निघाले. (ठाणे)

उत्तर : काट्यावर जाऊ नका, माद्यांनाही तो बऱ्यापैकी लांब असतो. मासा आडवा फिरला की अंगाच्या मध्यावरचा काळा ठिपका बघा. मादीच्या ठिपक्याच्या आत चमकदार निळे खवले विखुरलेले असतात. नराचा ठिपका बहुधा कोरा काळा असतो आणि निळे खवले त्याच्याभोवती असतात. मादीचं पोट गुलाबी किंवा जांभळट-लाल दिसतं, अंड्यांवर आली की जास्तच. हे सगळं साधारण चार-पाच महिन्यांच्या माशात दिसतं. इलेक्ट्रिक ब्लू आणि गोल्ड प्रकारांत ठिपका नीट दिसत नाही, तिथे पोटाचा रंग आणि अंगाची ठेवण एवढ्यावरच भागवावं लागतं.

एक सावधगिरी. रंग लवकर चढावा म्हणून काही ठिकाणी पिल्लांना संप्रेरकं देतात. अशा माद्या नरासारख्या दिसतात आणि पुष्कळदा प्रजननाला निरुपयोगी असतात. अडीच-तीन सेंटिमीटरचा मासा झगझगीत रंगाचा दिसला तर शंका घ्या. सर्वांत बरा मार्ग म्हणजे स्थानिक ब्रीडरकडून सहा पिल्लं आणून एकत्र वाढवणं. ती आपली जोडी आपण जमवतात, मग बाकीची दुसरीकडे द्या. दुकानातूनच घ्यायचं असेल तर माल आला त्या दिवशी घेऊ नका. आठवड्याने जा, दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगा आणि जो धावून खातो तो मासा घ्या. पोट खपाटीला गेलेला आणि डोळ्यांवरचा भाग खोल गेलेला मासा फुकट मिळाला तरी नको.

प्रश्न : आमचं बोअरचं पाणी आहे, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९००. घरच्या आरओचं पाणी ३० येतं. कुठलं वापरू? (लातूर)

उत्तर : दोन्ही मिसळून. नऊ लिटर आरओ आणि एक लिटर बोअर एकत्र केलं की टीडीएस ११७ च्या आसपास येईल. नुसत्या पाळायच्या रॅमला १०० ते २०० चालतं, प्रजननाला ५० ते १०० बरं. पीएच ६ ते ७ मध्ये स्थिर असला की पुरे. बाजारातल्या फार्ममधल्या माशांना साडेसातही चालतो, रोज वरखाली झालेला चालत नाही.

नुसतं आरओ भरू नका. क्षारच नसले की पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो एका रात्रीत कोसळू शकतो. लिंबू पिळणं किंवा ‘पीएच डाउन’ची बाटली ओतणं हेही नको. जड पाण्यात पीएच तेवढ्यापुरता उतरतो आणि पुन्हा चढतो, त्या झोक्यात मासा दमतो. मिठावर चालणारा घरगुती सॉफ्टनर इथे कामाचा नाही. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो, टीडीएस होता तिथेच राहतो.

तळाला काय घातलंय तेही तपासा. पांढरी संगमरवरी खडी, शिंपले, प्रवाळाचे तुकडे पाणी पुन्हा जड करतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर तो टाकीबाहेर. रॅम तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळतो, म्हणून बारीक, गुळगुळीत, धुतलेली वाळू दोन इंच घाला.

प्रश्न : परसात देशी बदामाचं झाड आहे. त्याची पानं चालतील का? (चिपळूण)

उत्तर : उत्तम चालतील, दुकानात तीच पानं पैसे मोजून घेतात. झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी वाळलेली पानं घ्या, हिरवी नको. फवारणी झालेल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडाची नको. धुऊन ४० लिटरला एक मोठं पान टाका. पाणी चहाच्या रंगाचं होईल, त्याने घाबरू नका. पान कुजून जाळी झालं की बदला. मात्र जड पाणी मऊ करायचं काम पानांकडून होत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी ३३ अंशांवर जातं, डिसेंबरात १९ वर येतं. रॅम टिकेल? (नागपूर)

उत्तर : रॅमला २७ ते ३० अंश लागतात. त्यामुळे थंडीत हीटरला पर्याय नाही. लिटरला एक वॉट असा हिशेब धरा आणि हीटरवरच्या आकड्यावर न विसंबता वेगळा थर्मामीटर लावा. २४-२५ अंशांवर रॅम मरत नाही, पण मलूल होतो आणि आठ-पंधरा दिवसांत कुठला ना कुठला आजार धरतो. उन्हाळ्यात झाकण काढून त्या जागी जाळी लावा आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी फक्त आरओने भरा, कारण उडून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. वीज जात असेल तर बॅटरीवरचा पंप जवळ ठेवा.

प्रश्न : नर चार दिवस खाद्य तोंडात घेतो आणि थुंकतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते. (नाशिक)

उत्तर : आतड्यातल्या परजीवींची, म्हणजे हेक्झामिटा गटातल्या सूक्ष्मजीवांची लक्षणं आहेत. मासा वेगळ्या टाकीत घ्या, तापमान ३० अंश ठेवा. मेट्रोनिडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी कुटून साधारण ६० लिटर पाण्यात मिसळा. दर ४८ तासांनी २५ टक्के पाणी बदलून पुन्हा तेवढीच मात्रा, असं तीनदा. गोळी निव्वळ मेट्रोनिडाझोलचीच हवी, दुसऱ्या प्रतिजैविकाबरोबर जोडलेली नको. ती चिठ्ठीवर मिळते, पशुवैद्याकडून लिहून घ्या. मासा थोडं जरी खात असेल तर औषध खाद्यात भिजवून दिलेलं जास्त लागू पडतं, कारण रोग पोटात आहे. म्हणूनच उशीर करू नका. पूर्ण खाणं सुटलं की हातात फार काही राहत नाही.

प्रश्न : जोडी दर पंधरा दिवसांनी दगडावर अंडी घालते आणि दुसऱ्या सकाळी दगड साफ. काय चुकतं? (डोंबिवली)

उत्तर : अंडी घालतात म्हणजे पाणी आणि खाणं ठीक आहे. नवख्या जोडीने पहिले दोन-तीन विणे खाणं नेहमीचं. त्यापुढेही चालू राहिलं तर कारणं क्रमाने तपासा.

पहिलं, अंडी फळलीत का? घातल्यावर २४ तासांनी दगडाकडे बारकाईने पाहा. फळलेलं अंडं मधाळ, अर्धपारदर्शक राहतं, न फळलेलं दुधासारखं पांढरं होतं. बहुतेक पांढरी असतील तर आईबाप ती खाऊन टाकणारच. मग पाणी जड आहे, नर कच्चा आहे किंवा तो नरच नाही. दोन माद्याही एकत्र अंडी घालतात. विण्याआधी दोघांच्या पोटाखाली नळी डोकावते तेव्हा खात्री करून घ्या. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार.

दुसरं, रात्र. दिवा एकदम बंद झाला की जोडीला अंडी दिसत नाहीत आणि त्याच वेळी कॉरिडोरास, प्लेको हे तळाशी फिरणारे मासे दगडावर येतात. अंडी असतील तोवर खोलीत मंद दिवा राहू द्या. तिसरं, माणसांचं सारखं टाकीत डोकावणं.

एवढं करूनही खात असतील तर दगड काढून घ्या. दहा लिटरच्या टाकीत त्याच टाकीचं पाणी भरा, तापमान २८-२९ ठेवा आणि एअर स्टोन असा लावा की बुडबुडे दगडाच्या बाजूने जातील, अंड्यांवर आदळणार नाहीत. मिथिलीन ब्लूचं एक टक्का द्रावण असेल तर दहा लिटरला २ मिलिलिटर. पांढरी अंडी ड्रॉपरने काढत राहा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. तेव्हा निम्मं पाणी बदलून निळा रंग उतरवा. पिल्लं चार-पाच दिवस तळाशी वळवळत पडून राहतात, पोटातल्या बलकावर जगतात. या काळात खाद्य टाकलंत तर पाणी नासेल, दुसरं काही होणार नाही.

पोहायला लागली की खरी कसोटी. रॅमची अंडी काढणं सोपं, पिल्लं जगवणं अवघड, आणि ती मरतात बहुधा या पहिल्या आठवड्यात, उपासमारीने. तोंड इतकं लहान असतं की कुटलेलं कोरडं खाद्यही जात नाही. पहिले दोन-तीन दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा मायक्रोवर्म (अगदी बारीक कृमी) द्या. ही दोन्ही खाद्यं अंडी दिसल्या दिवसापासूनच तयार करायला घ्या. इन्फ्युसोरियासाठी बरणीत जुन्या टाकीचं पाणी आणि कोबीचं एक पान, चार-पाच दिवसांत तयार. मायक्रोवर्मचं विरजण कुणाकडून तरी मिळवून ओट्सच्या घट्ट लापशीवर सोडा. मग ताजे फुटलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). उलट्या बाटलीत १ लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, १ ग्रॅम ब्राइन श्रिम्पची अंडी, वरून दिवा आणि खालून जोरात हवा. २७-२८ अंशांना २४ तासांत ते फुटतात. बारीक फडक्यातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच घाला, उशीर झाला की त्यांचं पोषण घटतं आणि आकार वाढतो. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे खाल्लं.

दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. रोज एअर पंपाच्या नळीने तळ शोषून १०-१५ टक्के पाणी बदला, नवीन पाणी त्याच तापमानाचं. फिल्टर स्पंजचाच, मोटरचा पिल्लं ओढून घेतो. महिन्याभराने बारीक कोरडं खाद्य सुरू करता येतं आणि पिल्लं मोठ्या टाकीत हलवावी लागतात.

प्रश्न : निऑन टेट्रा आणि एंजलबरोबर रॅम ठेवू का? बलून रॅम कसा? (कोल्हापूर)

उत्तर : निऑनला रॅमइतकी उष्णता सोसत नाही, त्याऐवजी कार्डिनल किंवा रमीनोज टेट्रा ठेवा. तळाला स्टर्बाय कॉरिडोरास चालतो, प्रजननाच्या टाकीत तोही नको. एंजल आणि टायगर बार्ब दोघेही रॅमला खाऊ देत नाहीत. बलून घेऊच नका. आखूड, वाकड्या कण्याचा मासा मुद्दाम पैदा करून विकणं आम्हाला पटत नाही. हीटर लावायचाच नसेल तर बोलिव्हियन रॅम बघा. रंग फिका, पण तो २३-२४ अंशांत सुखाने राहतो आणि आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याच्या जोडीला मात्र अडीच-तीन फुटी टाकी द्या.