पगार सारखा, मग घर का नाही?

प्रश्न : ताई, अमेरिकेत म्हणे १०० गोऱ्या कुटुंबांपैकी ७३-७४ जणांचं स्वतःचं घर आहे आणि काळ्यांमध्ये जेमतेम ४४-४५ जणांचं. भेदभाव बंद करणारा कायदा तर १९६८ लाच झाला ना? मग सारखा पगार असलेल्याला आता अडवतंय कोण?

उत्तर : पगारावर हप्ता भरता येतो हो, पण आधी डाउन पेमेंट लागतं आणि खरी गोम तिथेच आहे. बऱ्याच गोऱ्या पोरांना ते आईवडील देतात, आईवडलांकडे ते येतं त्यांच्या घराची किंमत वाढली म्हणून, आणि मुळात ते घर आजोबांनी सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर घेतलेलं असतं. काळ्या आजोबांना ते कर्जच मिळालं नाही. १९३० च्या दशकात सरकारनेच शहरांचे नकाशे रंगवले, हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे धोका, आणि काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. पुढे न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाच्या नव्या वसाहतीत घरं आठ हजार डॉलरच्या आत मिळत होती, पण करारातच कलम होतं की गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही, घरकामाला ठेवलेले नोकर सोडून! (वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसले.)

मग ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती त्यांनी काय केलं, तर शिकागोत हप्त्याच्या करारावर घरं घेतली. दलाल स्वस्तात घर उचलायचा, दुप्पट भावाने विकायचा, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर त्याच्याच नावावर. मधे एक हप्ता चुकला की घर गेलं, आधी भरलेले पैसे पण गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला विकायला मोकळं.

१९६८ च्या कायद्याने पुढचा भेदभाव बेकायदा ठरवला, पण मागचं भरून कोणी दिलं नाही, आणि तोपर्यंत घरांचे भाव चढले होते. १९६० मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या घरमालकीतली ही दरी साधारण २७ टक्क्यांची होती, आज उलट थोडी जास्तच आहे.

याने काय बिघडतं म्हणाल तर तिथे मध्यमवर्गीयाची बचत म्हणजे घरच. फेडरल रिझर्व्ह म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत, बरोबर मधल्या गोऱ्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता साधारण २ लाख ८५ हजार डॉलर, काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आसपास. शिवाय शाळांचा बराच पैसा घरपट्टीतून येतो, म्हणजे वस्ती स्वस्त तर शाळाही कमी पैशावर चालणार.

आणि "आता अडवतंय कोण" म्हणाल तर, घराची किंमत ठरवायला माणूस येणार म्हणून काही काळ्या कुटुंबांनी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवले, दार उघडायला गोऱ्या मैत्रिणीला बसवलं, आणि त्याच घराचा आकडा एकदम वर गेला.