आधी गाइडच्या विद्यार्थ्यांना भेट

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू ताटातली पोळी तशीच ठेवून मोबाइलवर पीएचडीच्या जाहिराती दाखवत बसलास. पुणे विद्यापीठ, आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था, वर एक स्वीडनची. 'मॅडम, यातली चांगली जागा कुठली?' हे चारदा विचारलंस. गाइड, म्हणजे संशोधनाला मार्गदर्शन करणारा माणूस, कोण, हे एकदाही नाही. तेव्हा चिडले ते त्यामुळे.

जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळालीय, महिन्याला ३७,००० येतील, पुढे तिच्याच वरच्या टप्प्याचे, एसआरएफचे, ४२,०००. पैशाची बाजू लागली. आता जागा नको शोधूस, माणूस शोध. आणि माणूस कसा आहे हे त्याच्या वेबपेजवर नसतं, त्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं.

शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर गाइडचं नाव टाक. प्रबंध उघड, ऋणनिर्देश वाच. 'अमूल्य मार्गदर्शन' सगळेच लिहितात, ते सोड. लॅबमधल्या मित्रांवर अर्धं पान आणि गाइडवर दीड ओळ असेल तर थांब. असे प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी दोघांना गाठ. फोनवर नको, चहाला ने. प्रबंधाचं प्रकरण तपासायला दिलं की किती दिवसांनी परत येतं? संशोधनाच्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं? फेलोशिपच्या कागदावर सही वेळेत होते का?

यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जागा रिकामी आहे का, हेही विचारूनच जायचं. कुणाला? त्यांच्या विद्यार्थ्यांना.

स्वीडनचं वेगळं नाही. तिथे पीएचडी ही पगारी नोकरी असते, साधारण चार वर्षांची, आणि रीतसर जाहिरात निघते. 'मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड' हे पत्र फाडून टाक. तिथल्या गाइडचे दोन पेपर वाच, त्यातलं काय तुला पुढे न्यायचंय ते लिही. ग्रुपच्या पानावर विद्यार्थ्यांचे ईमेल असतात. आधी त्यांना लिही. हो, पुन्हा तेच सांगतेय.

कारण मी विचारलं नव्हतं. १९८९ साली मोठ्या नावाच्या सरांकडे रुजू व्हायला गेले, तेव्हा एक सीनियर बेसिनपाशी ब्युरेट धूत होती. मान वर न करता म्हणाली, 'दुसरीकडे बघितलंस का?' मला वाटलं, जळतेय. माझं तिसरं प्रकरण त्या सरांच्या टेबलावर अकरा महिने पडून होतं. वर चहाच्या कपाचा गोल डाग. सात वर्षं लागली. लोक म्हणाले, लग्नानंतर हिचं लक्ष उडालं. लक्ष उडालं नव्हतं. रोज संध्याकाळी सातपर्यंत मी लॅबमध्ये असायचे, मुलीला ताप असतानाही. ते चुकलंच माझं, पण काम अर्धवट सोडलं नाही, हेही लिहून ठेवते.

माझ्याकडे पुढे नऊ जणांनी पीएचडी केली. त्यांनाही भेट, हवं तर. दोघं माझ्याबद्दल बरं बोलणार नाहीत. त्यांचंही ऐक.

रविवारी ये. जाहिराती आणू नकोस. कुणाकुणाला भेटलास आणि ते काय म्हणाले, तेवढं वहीत लिहून आण. आणि या वेळी पोळी गरम असतानाच खा.

तुझी,
मॅडम