रात्री डॉक्टरांना उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला कुत्र्याच्या उलटीतल्या पिवळ्या फेसाचा फोटो पाहिला. त्यावरून मला खात्रीने सांगता येईल ते इतकंच, की तू घरची फरशी स्वच्छ ठेवतोस. उलटी कशी दिसते यापेक्षा ती करून झाल्यावर कुत्रा कसा दिसतो, हे मला हवं असतं. शेपूट हलवत परत तुझ्या पायात घुटमळला का? पाणी प्यायला का, आणि प्यालेलं पोटात राहिलं का? मोठ्या कुत्र्याने पहाटे रिकाम्या पोटी एकदा फेस काढला आणि तो तरतरीत असेल, तर आठ-दहा तास जेवण बंद, पाणी थोडं थोडं, मग मऊ भात आणि मीठ-कांदा न घातलेलं उकडलेलं चिकन. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या करतंय आणि रक्ताची, डोकं उठेल अशा वासाची पातळ शी करतंय, तर आधी पार्व्हो हा विषाणूचा आजार समजायचं आणि त्याच दिवशी सलाईनसाठी न्यायचं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. 'एक इंजेक्शन झालंय ना' म्हणणाऱ्यांचीच पिल्लं जास्त येतात. शिवाय हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसावी लागते.

रोग ओळखायचं काम डॉक्टरांचं. आपल्याला ठरवायचं असतं ते इतकंच, की थांबायला वेळ आहे का. ते ठरवण्यासाठी जनावर धडधाकट असताना कसं असतं, हे आधी माहीत हवं. म्हणून या रविवारी एक काम कर. कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघ. गुलाबी असतील. बोटाने दाबून सोड, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. तो गाढ झोपलेला असताना मिनिटभर छातीची हालचाल मोज, श्वास तीसच्या आत असावेत. थर्मामीटर शेपटीखालून लावायचा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ही त्यांची नेहमीची पातळी. नाक गरम म्हणजे ताप, हे विसरून जा, उन्हात बसलेल्या कुत्र्याचं नाक गरमच लागणार. हे सगळं एकदा बघून ठेवलंस, की ज्या दिवशी हिरड्या पांढुरक्या दिसतील त्या दिवशी मला विचारायची गरज पडणार नाही.

आता गोचीड. आपल्याकडे कुत्र्याला एवढं छळणारं दुसरं काही नाही, आणि लोक ते अंगावरच्या मळासारखं हलक्यात घेतात. रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात बोटं फिरवायची. पंजा उलटा करून बोटं फाकवलीस तर तिथे मसुराच्या दाण्याएवढी राखाडी मादी चिकटलेली सापडेल. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. काडी लावणं, रॉकेल टाकणं असले प्रयोग नकोत. हातात चिरडूही नकोस.

गोचीड तापाची सुरुवात फार साधी असते. कुत्रा जिना चढायला कंटाळतो, जेवण निम्मं टाकतो. घरचे म्हणतात, उकाडा आहे. मग ताप १०४, हिरड्या फिक्या, कधी नाकातून रक्त, कधी कॉफीच्या रंगाची लघवी. रक्त किंवा तशी लघवी दिसली तर सकाळचीही वाट बघायची नाही. नुसती मरगळ असेल तरी दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी करून घे, प्लेटलेट्स किती आहेत ते कळतं. आणि डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन चार आठवडे दिलं तर चार आठवडेच द्यायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि गोळ्यांची पट्टी फ्रिजवर पडून राहते, हे मी घरोघरी पाहिलंय.

बोक्याचं गणित वेगळं. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे 'नुसताच कोपऱ्यात बसलाय' हेही लक्षण धरायचं. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जातोय, पाठ वाकवून जोर करतोय, ओरडतोय, मागचा भाग सारखा चाटतोय, आणि ट्रे मात्र कोरडा. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, म्हणून कोणी तूप चाटवतं, कोणी दूध पाजतं. खरं तर लघवीचा मार्ग बंद झालेला असतो. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खडे-स्फटिक किंवा चिकट स्राव अडकला की संपलं. मूत्राशय फुगतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि दीड-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. त्यामुळे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठवायचं डॉक्टरांना, ते रागावले तर रागावू देत. तसंच, मांजराने सलग दोन दिवस काही खाल्लं नाही तर थांबू नकोस. जाड मांजराचं यकृत उपाशीपणी झपाट्याने बिघडतं.

घरातल्या औषधांच्या डब्याला कुलूप घाल. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच, माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये, पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं जातात. कुत्र्याच्या मानेवर लावायचं गोचिडांचं औषध बोक्याला लावायचं नाही. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. चॉकलेट, मनुका, कांदा त्यांना द्यायचे नाहीत हे तुला माहीत असेलच. पुष्पगुच्छातल्या लिलीचं मात्र कोणी सांगत नाही. तिचं पान चघळलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा तुझ्या वाढदिवसाला लिली आली तर ती शेजारच्या काकूंना देऊन टाक.

ताबडतोब निघायचं असं आणखी थोडं. उन्हात धापा टाकून कोसळलेला कुत्रा: साधं पाणी अंगावर ओतायचं, बर्फ नाही, पंखा लावायचा आणि वाटेला लागायचं. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, ओकाऱ्या येतायत पण बाहेर काही पडत नाही. उंदराचं औषध खाल्ल्याचा नुसता संशय, कारण रक्तस्राव दोन-चार दिवसांनी सुरू होतो आणि तोवर सगळं ठीकच दिसतं. नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, जेवेनाशी झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. उलट थोडं खाजवणं, एखादी सैल शी, किंचित लंगडणं यासाठी दिवसभर थांबलास तर बिघडत नाही. पावसाळ्यात जखम मात्र रोज उजेडात बघायची. माशी बसली की अळ्या पडतात, आणि वरून हळद भरलेली असली की त्या आत काय करतायत ते दिसतही नाही.

कुत्रा चावला, अगदी घरचा का असेना, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही.

दवाखान्यात जाताना खाल्लेल्या गोळ्यांची पट्टी, डबीत ताजी शी, आणि लंगडण्या-खोकण्याचा व्हिडिओ ने. टेबलावर चढवलं की नेमकं तेव्हाच सगळे शहाण्यासारखे चालतात. 'दोन दिवसांपासून' असं मोघम सांगू नकोस, शेवटचं कधी जेवला, शेवटची लघवी कधी केली ते सांग. फोनवर गोळी विचारायची सवय सोड, फोनवरून पोट चाचपता येत नाही. पैशांची ओढाताण असेल तर सरकारी किंवा धर्मादाय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, तिथे जायला लाजू नकोस. मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहिलेत. तुझ्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे मात्र आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटव.

दोघांची वजनं करून कळव. बोक्याला उचलून काट्यावर उभा राहा आणि तुझं वजन वजा कर. जंताचं औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, आणि मागच्या वेळी तू अंदाजानेच दिलं होतंस असं मला वाटतंय.

तुझा,
काका