झोपेत मानेला ट्रॅक्शन?

प्रश्न : मी विड्या वळते. मानेच्या मणक्यांची झीज झाली असून हाताला मुंग्या येतात. रात्रभर लावायचे ट्रॅक्शन (हनुवटीला पट्टा व वजन लावून मान ताणून धरण्याचे साधन) घेऊ का? (एक भगिनी, निपाणी)

उत्तर : ताई, रात्रभर मुळीच नको. ट्रॅक्शनने मणक्यांतील अंतर किंचित वाढून दबलेल्या नसेला तात्पुरता आराम मिळतो खरा, पण झोपेत कूस बदलताना हनुवटीचा पट्टा गळ्यावर सरकला तर जिवावर बेतू शकते. फिजिओथेरपिस्टने वजन ठरवून दिल्यास जागेपणी १० ते २० मिनिटे पुरतात. आमवात किंवा ठिसूळ हाडे असल्यास तेही डॉक्टरांना विचारूनच. मला अधिक काळजी वाटते ती विड्या वळताना मांडीवर ठेवता त्या सुपाची: ते पाटावर उंच ठेवा, म्हणजे मान कमी वाकेल. बटण लावताना बोटे अडखळू लागली किंवा चालताना तोल गेला, तर बेळगावला तज्ज्ञांना तातडीने दाखवा.