वर्षकुंडली वाचायला घेताना

जन्मकुंडली शेजारी ठेवल्याशिवाय वर्षकुंडली, म्हणजे रवी दरवर्षी जन्मवेळच्या जागी परत येतो त्या क्षणाची (वर्षप्रवेशाची) कुंडली, वाचायला घेऊ नका. नवशिक्यांची पहिली चूक गणितातच होते: रवीच्या भोगांशात (राशिचक्रातील स्थानात) अवघ्या एका कलेचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) फरक पडला, तरी वर्षप्रवेशाची वेळ सुमारे २४ मिनिटांनी सरकते आणि लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिबिंदू) साधारण ६ अंशांनी बदलते. म्हणून रवी विकलांपर्यंत (कलेच्या साठाव्या भागापर्यंत) घ्या आणि सायन-निरयनाची (वसंतसंपातापासून आणि ताऱ्यांच्या आधारे मोजलेल्या राशींची) सरमिसळ टाळा.

भावपद्धती (कुंडलीचे बारा भाव, म्हणजे घरे, पाडण्याची रीत) एकच निवडा. माझ्या मते आरंभी राशी हाच भाव मानावा. श्रीपती किंवा प्लॅसिडस पद्धतीत संधीजवळचा (दोन भावांच्या सीमेजवळचा) ग्रह शेजारच्या भावात जाऊ शकतो, आणि मग मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत पद्धती बदलत राहण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने आवरा.

सध्या एवढेच पाहा:
- वर्षलग्न (वर्षकुंडलीचे लग्न) व लग्नेश (त्या राशीचा स्वामी)
- जन्मलग्नापासून दरवर्षी एक रास पुढे सरकणारा बिंदू, म्हणजे मुंथा
- केंद्रातील (१, ४, ७, १० या भावांतील) ग्रह

सहमे (विशिष्ट विषयांसाठी गणिताने काढलेले बिंदू) नंतर पाहू. आधी स्वतःच्या सरलेल्या पाच वर्षांच्या कुंडल्या मांडा.