लहान मुलांच्या वाचनगटात मूल अडलं की शिक्षकाने काय करावं?

तुमचा प्रश्न तीन भागांत आहे. पहिली-दुसरीच्या पाच-सहा मुलांच्या गटासोबत वीस मिनिटांचं वाचन कसं आखावं, वाचताना मूल एखाद्या शब्दाशी अडलं तर काय करावं, आणि तेवढ्या वेळात वर्गातल्या बाकीच्या मुलांना कशात गुंतवावं.

आखणीचं लवकर उरकते. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं गोष्टीबद्दल बोला आणि अडतील असे एक-दोन शब्द आधीच दाखवून ठेवा. मग आठ-दहा मिनिटं प्रत्येक मुलाला आपापलं, हळू आवाजात वाचू द्या. सगळ्यांनी एका सुरात नाही आणि पाळीपाळीनेही नाही. तुम्ही एकेकाच्या शेजारी जाऊन मिनिटभर ऐका. नंतर गोष्टीवर गप्पा, आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकच गोष्ट शिकवा. त्या दिवशी ऐकताना चार गोष्टी खटकल्या असल्या तरी एकच.

खरं उत्तर लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. यावरून माझं एका वरिष्ठांशी भांडण झालं होतं आणि त्याला बरीच वर्षं झाली तरी ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

त्या दिवशी पाठनिरीक्षण होतं. मी पाच मुलांचा गट घेतला होता. ८४ शब्दांची एका कासवाची गोष्ट होती. त्या गटात एक मुलगी होती. अक्षरं सगळी येत होती, जोडाक्षराशी अडखळायची, पण तिच्यात एक फार मोलाची गोष्ट नुकतीच रुजत होती. आपण वाचलेलं आपल्यालाच पटलं नाही तर ती मागे जायची. मजकूर होता, ‘कासव हळूहळू तळ्याकडे निघालं. पण तळं फार लांब होतं.’ तिने वाचलं, ‘तळ्यातून निघालं.’ मी गप्प राहिले. ती पुढे गेली, ‘पण तळं फार लांब...’ आणि थांबली. बोट मागच्या ओळीवर आणलं. ‘तळ्या... क... डे. तळ्याकडे!’ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने, तशीच पुढे वाचत गेली. अशी दुरुस्ती तिने पहिल्या दोन पानांत तीनदा केली.

मागे बसलेल्या वरिष्ठांना हे बघवेना. ते उठून तिच्याजवळ आले. पुढचं वाक्य ‘सूर्य मावळला तरी कासव चालतच होतं’ असं होतं. ती ‘सू...’ म्हणून रफाराकडे बघत होती, तेवढ्यात ते म्हणाले, ‘सूर्य!’ तिने तो शब्द उचलला आणि पुढे गेली. दोन ओळींनंतर ‘चंद्र’ आला. या वेळी तिने शब्दाकडे नीट बघितलंच नाही, मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सांगितलं, ‘चंद्र.’ त्यानंतर पान संपेपर्यंत तिने खाली मान घालून सलग वाचलंच नाही. जरा जड शब्द आला की नजर वर. ते गेल्यावर माझ्याकडे.

शेरा आला: शिक्षिकेचा सहभाग अपुरा, चुकांची दुरुस्ती होत नाही, पुस्तक मुलीच्या पातळीपेक्षा कठीण. तोंडी त्यांनी सांगितलं, ‘मी मोजल्या, नऊ चुका झाल्या. चूक तिथल्या तिथे खोडली नाही तर पक्की होते.’

मी त्या मुलीच्या वाचनाची नोंद ठेवली होती. ही पद्धत न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांची. मूल वाचत असताना शिक्षक कागदावर प्रत्येक बरोबर शब्दाला बरोबरची खूण करत जातो, चुकलेला शब्द मूळ शब्दाच्या वर लिहितो, आणि मुलाने स्वतःहून सुधारलं तर तशी वेगळी खूण करतो. या पद्धतीत स्वतः सुधारलेली चूक ही चूक धरत नाहीत. पुन्हा वाचलेला शब्दही चूक नाही. उलट, मोठ्या माणसाने सांगितलेला शब्द मात्र चूक धरतात, कारण तो मुलाने वाचलेला नसतो.

आता हिशेब करा. त्यांच्या नऊ चुका, म्हणजे ८९ टक्के बरोबर. ९० टक्क्यांच्या खाली गेलं की पुस्तक मुलाला फार जड, असा साधारण नियम आहे, म्हणून पुस्तक कठीण हा त्यांचा शेरा. पण त्या नऊमधल्या तीन तिने स्वतः सुधारल्या होत्या. राहिल्या सहा, म्हणजे ९३ टक्के. गटात मदतीने वाचण्यासाठी ९० ते ९४ टक्क्यांचा मजकूर योग्य मानतात, म्हणजे पुस्तक अगदी नेमकं होतं. त्या सहांतले दोन शब्द त्यांनी स्वतः सांगितलेले. उरलेल्या चारांपैकी तीन चुका ‘चंद्र’नंतरच्या, तिने मान वर करायला सुरुवात केल्यानंतरच्या. हा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बघितला नाही. शेरा तसाच राहिला.

म्हणून तुम्हाला सांगते, मूल अडलं की तोंड बंद ठेवा. मनात पाच आकडे मोजा. पाच फार वाटतात, पण वर्गातली शांतता शिक्षकालाच खुपते, मुलाला नाही. अमेरिकेच्या शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलं बोलायला लागली. तो अभ्यास वाचनाचा नव्हता, पण वाचनाच्या गटात शेजारी बसलं की तेच दिसतं. थांबताना मुलाच्या तोंडाकडे बघू नका, पुस्तकातल्या शब्दाकडे बघा. तुम्ही जिथे बघाल तिथे मूल बघतं. हे मी त्या मुलीमुळे शिकले. तिची वर उठणारी नजर परत पानावर यायला तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे मी तिच्या शेजारी मान खाली घालून बसत होते.

पाच मोजूनही काही झालं नाही तर शब्द सांगू नका, शब्दाचा तुकडा दाखवा. ‘तळ्याकडे’मधला ‘कडे’ बोटाने झाका आणि आधी ‘तळ्या’ वाचू द्या. ‘सूर्य’ असेल तर विचारा, वरचा रफार आधी म्हणायचा की नंतर? आपल्या लिपीत मुलं नेमकी कुठे अडतात हे माहीत असलं की मदत नेमकी होते. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि तोंडात नंतर, म्हणून ‘दिवस’ हा सोपा वाटणारा शब्द नवशिक्या वाचकाला सोपा नसतो. ‘र’ तर चार वेषांत येतो: सूर्य, चंद्र, ट्रक, वाऱ्यावर. गट घेण्याआधी गोष्ट स्वतः वाचा आणि अशा जागांवर पेन्सिलने खुणा करा. मी अजूनही करते.

आणि ‘चित्र बघ आणि सांग’ हे म्हणू नका. हे मी स्वतः कितीतरी वर्षं म्हणत होते, म्हणून जोर देऊन सांगते. वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज, हा विचार अमेरिकेचे वाचन-अभ्यासक केन गुडमन यांनी १९६७ मध्ये मांडला आणि तो जगभर पसरला. पुढे वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या, तेव्हा दिसलं की सरावलेला वाचक बहुतेक शब्दांवर खरोखर नजर टाकतो. अंदाजावर विसंबतो तो अडखळणारा वाचक. चित्रात झाड दिसतं म्हणून ‘फांदीवरून’ला ‘झाडावरून’ वाचणारं मूल अर्थ सांभाळतं, पण ‘फांदी’ हा शब्द त्याला उद्याही येणार नाही. चित्र गोष्टीच्या गप्पांसाठी ठेवा, शब्द शब्दातूनच वाचू द्या. अर्थाचा उपयोग नंतर होतो, वाचलेलं जुळतंय का हे तपासायला. ती मुलगी ‘तळं फार लांब होतं’पाशी थांबली, ते हेच तपासणं होतं. अर्थाने तिला चूक झाल्याचं कळलं, अक्षरांनी ती सुधारली.

पाळीपाळीने वाचन का नको, तेही सांगून टाकते, कारण त्या वरिष्ठांचा दुसरा आग्रह तोच होता. पाच मुलांत पाच परिच्छेद वाटले की प्रत्येक मूल आपला परिच्छेद कोणता ते मोजतं आणि आपली पाळी येईपर्यंत तोच मनात घोकतं. बाकीची गोष्ट त्याने वाचलेलीच नसते. आपली पाळी संपली की खिडकीबाहेर नजर. दहा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटं वाचन येतं. सगळी एकाच वेळी हळू आवाजात वाचतात तेव्हा दहाची दहा मिनिटं वाचतात. गलका होतो, हे खरं. एकेकाला थोड्या थोड्या अंतराने सुरुवात करायला सांगितली की एक दुसऱ्याच्या मागे वाचत नाही.

आता काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या. थांबणं हे अक्षरं येणाऱ्या मुलासाठी आहे. ज्याला ‘ळ’ माहीतच नाही त्याच्यासमोर पाच आकडे मोजणं निर्दयपणा आहे, त्याला सांगा, आणि अक्षरं-मात्रा-जोडाक्षरं रोज वेगळ्या वेळी क्रमाने शिकवा. वाचनगट त्याची जागा घेऊ शकत नाही. टक्क्यांच्या मागेही फार लागू नका. अमेरिकेचेच आणखी एक वाचन-अभ्यासक एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये शिकवण्याजोग्या मजकुरासाठी ९५ टक्के धरले होते, क्ले यांच्या पद्धतीत ९० चालतात, आणि गोष्ट आवडीची असली की मूल त्याहून जड मजकुराशीही झुंजतं. चुका पक्क्या होतात हे त्या वरिष्ठांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तीच चूक तीन-चार दिवस दिसली तर शेवटच्या दोन मिनिटांत तोच शब्द फळ्यावर घ्या. माझं भांडण दुरुस्तीशी नव्हतं, मुलाच्या तोंडातला शब्द काढून घेण्याशी होतं. गटही वर्षभर तेच ठेवू नका, दर काही आठवड्यांनी नोंदी बघून मुलं हलवा, नाहीतर ‘मागचा गट’ ही ओळख मुलाला चिकटते.

बाकीच्या मुलांचं: जोडीने वाचन, आधी वाचलेली पुस्तकं पुन्हा वाचणं, गोष्टीतलं एक वाक्य लिहून चित्र काढणं. नवं काही देऊ नका, कारण नवं दिलं की दर मिनिटाला कोणी ना कोणी विचारायला येतं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस गट घेऊच नका. सगळ्या वर्गाला ही कामं आपापली करायची सवय लावा, तुम्ही नुसतं फिरा. कोणी काही विचारायला आलं तर आधी शेजाऱ्याला विचारायला पाठवा. वीस मिनिटं कोणी तुमच्याकडे न येता गेली की दुसऱ्या दिवशी पहिला गट बोलवा, आणि तोही अडखळणाऱ्या मुलांचा नको, बऱ्यापैकी वाचणाऱ्यांचा बोलवा. नोंद ठेवायला तुमचा हात आधी त्यांच्यावर बसू दे.